उंटाच्या पाठीवरचे बिऱ्हाड

कार्तिक पौर्णिमा उलटली की चातुर्मासाचा मुक्काम संपतो आणि साधू-साध्वींचे विहार पुन्हा सुरू होतात. मलकापूर, मोताळा, बुलडाणा या वाटेवर पहाटेच्या धुक्यात पांढऱ्या वस्त्रांतील ती लहानशी पायी चाल या भागातील जैन कुटुंबांच्या चांगल्या परिचयाची आहे. पुढचा मुक्काम किती लांब, वाटेत सोबत कोण जाणार, गोचरीचा लाभ कोणाला मिळणार, याची बोलणी घरोघर चालतात. त्याच दिवसांत, त्याच वाटांवर आणखी एक पायी चाल दिसू लागते. तिची मात्र कोणी वाट पाहत नाही. आधी लांबून घंटेचा संथ नाद येतो, मग बाभळीच्या शेंड्यांवरून एक लांब मान डोकावते आणि मागोमाग उंटाच्या पाठीवर बांधलेले सबंध घर डुलत येते.

धामणगाव बढे हे बुलडाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील मोठे गाव. बुलडाणा शहर घाटमाथ्यावर, थंड हवेचे. तेथून राजूरचा घाट उतरला की मोताळ्याकडचा सखल, काळ्या मातीचा मुलूख लागतो. पाठीशी अजिंठ्याची डोंगररांग, समोर पूर्णेच्या खोऱ्याकडे उतरत जाणारी जमीन आणि पश्चिमेला थोड्याच अंतरावर जळगाव जिल्ह्याची हद्द. म्हणून येथील बोलीत वऱ्हाड आणि खानदेश दोन्ही नांदतात. शेतात कापूस, मका, सोयाबीन, तूर. हिवाळ्यात जेथे पाणी असेल तेथे हरभरा आणि गहू. गावातून पाहिले तर हा मुलूख वाळवंटाच्या जवळपासही नाही. तरीही वाळवंटात जन्मलेली माणसे दरवर्षी आपला हिवाळा याच काळ्या मातीत काढतात.

गावकरी त्यांना सरसकट ‘काठेवाडी’ म्हणतात. खरे पाहता त्यांतील काही सौराष्ट्राकडचे गाई पाळणारे भरवाड असतात, तर मेंढ्या आणि उंट घेऊन फिरणारे अनेक जण कच्छचे रबारी. कच्छात वर्षाचा पाऊस सरासरी चारशे मिलीमीटरच्या आसपास, तोही भरवशाचा नाही. पाऊस चुकला की गवत चुकते आणि गवत चुकले की कळप जगवण्यासाठी चालण्याखेरीज उपाय उरत नाही. अशा चालण्यातूनच कित्येक पिढ्यांपूर्वी काही कुटुंबे तापीच्या खोऱ्यातून विदर्भात उतरली. त्यांतली बरीचशी आता मूळ गावी केवळ लग्नकार्यापुरती जातात. त्यांची मुले विदर्भात जन्मली, विदर्भाच्याच रानात वाढली, पण पत्ता विचारला तर अजूनही कच्छमधील एखाद्या गावाचे नाव सांगतात. ज्या गावात आपण राहत नाही ते आपले गाव, आणि ज्या शंभर गावांत राहतो त्यांतले एकही आपले नाही, असा हा व्यवहार.

रबारी समाजाची एक जुनी आख्यायिका आहे. पार्वतीने मातीचा एक प्राणी घडवला, शंकराने त्यात प्राण फुंकला, तो उंट झाला. पण उंट काही एका जागी ठरेना. मग त्याला सांभाळण्यासाठी एक माणूस निर्माण करावा लागला, तो पहिला रबारी. म्हणजे माणसासाठी जनावर नव्हे, तर जनावरासाठी माणूस.

मराठीत ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ अशी म्हण आहे. त्यात थोडी चेष्टा आहे, थोडी कणवही. उंटाच्या पाठीवरचे बिऱ्हाड एकदा बांधताना पाहिले की चेष्टा विरून जाते. भल्या पहाटे पुरुष मेंढ्या घेऊन निघून जातात. घर उचलण्याचे काम बायकांचे. उंट गुडघे मोडून बसतो. त्याच्या पाठीवर आधी गोधड्यांचे थर, त्यावर दोन्ही बाजूंना धान्याची पोती, मग हंडे, कळश्या, तवा, परात. सर्वांत वर खाट, आणि तीही उलटी, पाय आभाळाकडे. त्या चार पायांच्या मध्ये जो चौकोन तयार होतो ती या घराची सर्वांत सुरक्षित खोली. कालपरवा जन्मलेले कोकरू, पाय दुखावलेली मेंढी आणि दीड-दोन वर्षांचे मूल तेथे शेजारी शेजारी बसतात. दोर आवळताना बाईच्या तोंडून एक विशिष्ट आवाज निघतो, उंट कुरकुरत एकदा मागून व एकदा पुढून उठतो आणि घर चालू लागते. चार दगडांची चूल व राखेचा ढीग तेवढा मागे राहतो. एवढ्या सामानात काही विसरले असे सहसा होत नाही, कारण विसरण्याइतके जास्तीचे काही नसतेच.

दुपारपर्यंत पुढच्या शेतात डेरा पडतो. बायका पाण्याची जागा शोधतात, चूल मांडतात. सायंकाळी मेंढ्या परततात तेव्हा हे सहा-आठ तासांपूर्वी दुसऱ्याच शिवारात असलेले घर जणू वर्षभर तेथेच होते अशा थाटात भाकरी भाजत असते. थंडी वाढली की मेंढ्यांच्या वर्तुळाला लागूनच खाटा टाकतात. कळपाची ऊब तेवढीच अंथरुणाला लागते. रात्री कुत्री जागी आणि माणसे अर्धी जागी.

हे सर्व चालते कशावर? केवळ दयेवर चालत नाही. त्यामागे एक जुना, चोख हिशेब आहे. दिवाळीनंतर कापसाच्या वेचण्या संपत येतात. वावरात उरते ती पऱ्हाटी, काही हिरवी पाने आणि न उमललेली, किडकी बोंडे. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो कचरा; मेंढीच्या दृष्टीने हिवाळ्याचे धान्य. मेंढ्या ती पाने आणि बोंडे खातात, रात्री त्याच शेतात बसतात, आणि लेंडी व मूत्र त्याच मातीत मिसळते. शेणखत गाडीने वाहून आणावे लागते. हे खत आपल्या पायांनी चालत येते आणि जेथे हवे तेथेच पडते. म्हणून ‘शेतात मेंढ्या बसवणे’ हा शब्दप्रयोग बोलीत रूढ आहे आणि त्याचा मोबदला शेतकरी देतो. पूर्वी ज्वारीच्या पायल्यांत, आता बहुधा रोख रकमेत, किती मेंढ्या आणि किती रात्री यावर ठरवून. कागद नाही, पावती नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर या व्यवहाराला तारण फक्त पुढच्या वर्षीच्या भेटीचे. ज्याने यंदा फसवले त्याच्या शेतात पुढच्या हिवाळ्यात उंट थांबत नाही, आणि ज्या डेऱ्याने शेजाऱ्याची तूर खाल्ली त्याला पुन्हा कोणी बोलावत नाही.

या जुन्या हिशेबात अलीकडे एक नवी नोंद पडली आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापूस पोखरला तेव्हा शेतकरी हवालदिल झाला. त्यानंतर दर वर्षी कृषी विभाग जे सल्ले देतो त्यांत एक असा की कापूस लांबवू नका, फरदड घेऊ नका, आणि शेवटच्या वेचणीनंतर शेतात शेळ्या-मेंढ्या किंवा गुरे चरायला सोडा. उरलेल्या बोंडांत अळी दडून बसते आणि पुढच्या हंगामात तेथूनच निघते. मेंढ्यांनी ती बोंडे खाल्ली की तिचे चक्र तुटते. शास्त्राने जे पुस्तकात लिहिले ते डेऱ्याची बाई पुस्तक न वाचता कित्येक हिवाळे करीत आली आहे.

सगळेच गोड आहे असे मात्र नाही. कापूस संपतो तेव्हा शेजारच्या वावरात तूर उभी असते, हरभरा घाटे धरत असतो. धुऱ्यावरून दहा मेंढ्या पलीकडे घुसल्या तर घटकाभरात वर्षाचे नुकसान होते. उंट कडुनिंबाच्या आणि बाभळीच्या फांद्या ओरबाडतो. ज्याने धुऱ्यावर सावलीसाठी झाड जपले त्याला ते कसे पटावे? जंगलाच्या कडेला वनखात्याची हद्द, तेथे चराईला मनाई. गावात पोलीस ठाणे आहे आणि हिवाळ्यात एखादे भांडण तेथवर जातेही. भांडणात डेऱ्याची बाजू नेहमीच लंगडी. कारण समोरचा गावचा मतदार, आणि हा उद्या निघून जाणारा.

वाचकांपैकी अनेकांची मुले, नातवंडे आज अमेरिकेत आहेत. तेथे जाऊन आलेल्या मंडळींनी रस्त्यावरून धावणारी घरे पाहिली असतील. बसएवढ्या मोटारीत स्वयंपाकघर, न्हाणी, पलंग, सर्व काही. निवृत्त झालेली हजारो जोडपी उत्तरेकडील बर्फ टाळण्यासाठी दर हिवाळ्यात अशी घरे घेऊन ॲरिझोना, न्यू मेक्सिको, दक्षिण कॅलिफोर्निया या वाळवंटी भागात उतरतात आणि वसंत ऋतूत परततात. त्यांना तेथे ‘स्नोबर्ड’, म्हणजे बर्फ टाळून उडणारे पक्षी, म्हणतात. ॲरिझोनातील क्वार्टझसाइट नावाचे जेमतेम अडीच हजार वस्तीचे गाव या काळात फिरत्या घरांचे शहर होऊन जाते. गावाजवळच्या सरकारी वाळवंटात राहण्यासाठी रीतसर परवाना मिळतो. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असे सात महिने राहता येते, आणि त्याचे शुल्क अनेक वर्षे १८० डॉलर होते. परवान्याची चिठ्ठी गाडीच्या काचेवर चिकटवली की झाले. हा माणूस कोण, कोठून आला, येथे का थांबला, असे पुन्हा कोणी विचारत नाही.

याच क्वार्टझसाइटच्या स्मशानभूमीत दगडांचा एक छोटा पिरॅमिड आहे आणि त्याच्या टोकावर धातूचा उंट. १८५६ मध्ये अमेरिकी सैन्याने वाळवंटात सामान वाहण्यासाठी भूमध्य समुद्राकडून उंट आणले आणि त्यांच्याबरोबर उंट हाकणारी माणसेही. त्यांतला एक हाजी अली. सैनिकांना नाव उच्चारता येईना, म्हणून त्याचे ‘हाय जॉली’ झाले. यादवी युद्धात तो प्रयोग गुंडाळला गेला, उंट विकले गेले किंवा रानात सुटले. हाजी अली मात्र त्याच वाळवंटात राहिला आणि १९०२ मध्ये तेथेच वारला. १९३५ मध्ये ॲरिझोनाच्या महामार्ग खात्याने त्याच्या समाधीवर हे स्मारक बांधले. आज त्याच्या भोवतीच्या मैदानात लाखो डॉलरांची फिरती घरे हिवाळाभर उभी असतात. त्या मंडळींचे कौतुक करावे तेवढे थोडे. साठी-सत्तरीत घर विकून रस्त्यावर उतरण्यास धैर्य लागते. फरक एवढाच की त्यांच्या बिऱ्हाडाला थंडीत ऊब हवी म्हणून ते फिरते. धामणगावच्या शिवारातले बिऱ्हाड फिरते ते जनावराच्या तोंडी चारा पडावा म्हणून, आणि त्याच्या उंटाच्या कपाळावर चिकटवायला कोणताही परवाना नाही.

धामणगाव बढे आणि परिसरात ज्या मोजक्या जैन कुटुंबांच्या मालकीची शेती आहे त्यांना या पाहुण्यांनी दर हिवाळ्यात एक अवघड प्रश्न घातला आहे. मेंढीच्या लोकरीला आता भाव उरला नाही. डेऱ्याचे पोट चालते ते कोकरे विकून, आणि विकलेले कोकरू शेवटी कोठे जाते हे सर्वांना ठाऊक आहे. मग अशा कळपाला आपल्या शेतात बसवावे का? त्याचे खत घ्यावे का? त्याच्या मालकाला ज्वारी द्यावी का?

अशाच एका व्यापारी कुटुंबात दोन भावांनी या प्रश्नाची दोन उत्तरे दिली. नावांची येथे गरज नाही. थोरले भाऊ, घरात ज्यांना सगळे काकाजी म्हणत, डेऱ्याला मळ्यात उतरू देत. विहिरीवरचा हौद भरून ठेवत आणि मेंढ्या बसवल्याबद्दल ज्वारीही देत. धाकट्या भावाने आपल्या हिश्श्याच्या वावरात मेंढी येऊ दिली नाही, एकही हिवाळा नाही. तो तालुक्याच्या पलीकडील एका गोशाळेला दरसाल देणगी देणारा, पर्युषणात कडक उपवास करणारा माणूस. “ज्या हाताने अभयदानाची पावती घ्यायची त्याच हाताने खाटकाच्या वाटेवरच्या कळपाचे खत घ्यायचे का?” हा त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. काकाजींकडेही त्याला पुरून उरेल असे उत्तर नव्हते. ते एवढेच म्हणत, “तहानलेल्याला पाणी पाजताना त्याचा धंदा विचारू नये, असे आपल्या आईने शिकवले.” त्यावर धाकटा म्हणे, “पाणी पाज. खत कशाला घेतोस?” आणि वाद तेथेच थांबे, कारण खत घेणे हा खरोखरच व्यवहार होता, दया नव्हती.

वादात नवे वळण आणले ते काकाजींच्या सुनेने. ती कृषी पदवीधर. एका जानेवारीत जेवणानंतर तिने सरळ विचारले की पऱ्हाटीत मेंढ्या बसवल्या नाहीत तर पुढच्या हंगामात बोंडअळीसाठी किती फवारण्या होतात? त्यांत किती जीव मरतात? केवळ अळ्या नव्हे, तर मधमाश्या, गांडुळे, आणि फवारणारा मजूर आजारी पडतो तो निराळा. विदर्भात २०१७ च्याच हंगामात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले, हे तिला विसरता येत नव्हते. मेंढी बोंडासह अळी खाते, हीदेखील हिंसाच. पण कोणती कमी? आपल्या परंपरेने गृहस्थासाठी संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार प्रकार सांगितले. त्यांतील संकल्पी हिंसा पूर्णपणे वर्ज्य मानली आणि उद्योगधंद्यातील अटळ हिंसा कमीत कमी करण्यास सांगितले. ही मांडणी पाठ असणाऱ्या दोघा भावांनाही सुनेच्या हिशेबाची बेरीज करता आली नाही. धाकट्याने एवढेच केले की त्या वर्षापासून आपल्या वावरातली पऱ्हाटी जानेवारीच्या आत उपटून घेऊ लागला. मेंढी नको आणि जादा फवारणीही नको. मजुरी वाढली, ती त्याने सोसली. थोरल्याचे खत चालू राहिले.

अशातच २०२२ चा जानेवारी उजाडला. अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर पोलिसांनी अठ्ठावन्न उंटांचा तांडा अडवला. उंट कच्छमधून हजार किलोमीटरहून अधिक चालत आले होते आणि त्यांच्याबरोबर कच्छचेच पाच पशुपालक होते. उंट कत्तलीसाठी हैदराबादकडे नेले जात आहेत, अशी तक्रार प्राणिमित्रांनी केली होती. पशुपालकांचे म्हणणे असे की विदर्भात आणि पुढे छत्तीसगडच्या बाजूला त्यांचे जे नातलग कळप घेऊन फिरतात त्यांना बिऱ्हाड वाहण्यासाठी हे उंट पोहोचवायचे आहेत. गुन्हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली नोंदला गेला, आणि प्रकरण ज्या न्यायालयात गेले ते धामणगावचे होते. हे धामणगाव रेल्वे, अमरावती जिल्ह्यातले. पण वर्तमानपत्रात नुसते ‘धामणगाव’ वाचून बुलडाणा जिल्ह्यातील कित्येकांना ते आपलेच वाटले.

उंट अमरावतीच्या एका गोरक्षण संस्थेत ठेवले गेले. गाईसाठी बांधलेल्या जागेत उंट. हेतू वाईट नव्हता. पण गाय जमिनीवरचे गवत खाते, उंट मान वर करून झाडाचा पाला ओरबाडतो. रोज मैलोगणती चालणे हाच त्याचा व्यायाम आणि तेच त्याचे आरोग्य. बंदिस्त आवारात, सवय नसलेल्या चाऱ्यावर ही जनावरे महिन्याहून अधिक काळ राहिली. जवळपासच्या डेऱ्यांवरील रबारी त्यांच्यासाठी झाडपाला मिळवण्याची धडपड करीत होते. फेब्रुवारीत न्यायालयाने उंट मालकांच्या ताब्यात परत देण्याचा आदेश दिला. तोवर त्यांतले काही दगावले होते.

या घटनेतील कोणाच्याही हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. जनावरे खरोखर कत्तलीसाठी जातात, चोरट्या मार्गाने जातात, आणि ती अडवणारे नसते तर आज अनेक मुके जीव वाचले नसते. पण ज्याने जन्मभर उंट सांभाळला त्याला एकदाही न विचारता उंटाचे हित ठरवता येते का, हा प्रश्न त्या अठ्ठावन्न उंटांनी मागे ठेवला. राजस्थानातही असेच काहीसे घडले. २०१४ मध्ये तेथे उंटाला राज्यप्राण्याचा दर्जा मिळाला, पुढच्याच वर्षी उंटाच्या कत्तलीवर बंदी आणि राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध घालणारा कायदा झाला. उद्देश रक्षणाचाच. परंतु नर उंट विकता येईना, पुष्करच्या बाजारात त्याची किंमत कोसळली, आणि पाळणाऱ्याला पाळणे परवडेना. त्याआधीपासूनच उंटाला उतरती कळा लागली होती. ट्रॅक्टर आला, चराऊ रान घटले. २०१९ च्या पशुगणनेत देशातील उंटांची संख्या अडीच लाखांच्या आसपास भरली, २०१२ च्या मानाने सदतीस टक्क्यांनी कमी. उंट कोणी मारला म्हणून संपत चालला असे नाही. त्याला पाळणारा माणूस थकला म्हणून संपत चालला आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ कुरणे आणि पशुपालकांचे म्हणून जाहीर केले आहे. डेऱ्यावर त्याची वार्ता पोहोचण्याची शक्यता कमीच.

पुढच्या हिवाळ्यात मळ्यात डेरा उतरला तेव्हा उंटाच्या सामानात एक नवी वस्तू होती. खाटेच्या पायाला, कळशीच्या शेजारी, प्लॅस्टिकची जाड पिशवी घट्ट बांधलेली. आत आधार कार्डांच्या प्रती, जनावरांच्या लसीकरणाचा दाखला, कच्छमधील गावच्या सरपंचाचे गुजरातीतले पत्र. वाटेत दोनदा त्यांना अडवले गेले होते. गुजराती पत्र येथे कोणाला वाचता येत नाही, ही डेऱ्याच्या म्हाताऱ्या बाईची तक्रार.

धाकट्या भावाला गुजराती येत होते. धार्मिक ग्रंथ गुजरातीतून वाचण्याची त्याच्या पिढीची सवय. ज्या डेऱ्याच्या मेंढ्यांना त्याने कधी वावरात पाऊल ठेवू दिले नाही त्या डेऱ्याच्या खाटेवर तो प्रथमच जाऊन बसला. पत्र दोनदा वाचले. मग म्हाताऱ्या बाईला विचारले,

“बेन, अमरावतीच्या त्या उंटांत तुमचे कोणी होते?”

“आमचे नाही शेठ. पण उंट सगळे आपलेच असतात ना.”

“मेले, ते कशाने मेले?”

“बांधून ठेवले म्हणून,” ती म्हणाली. मग थोडे थांबून, “खाऊ घालत होते, शेठ. मारले नाही कोणी. पण उंटाला चालावे लागते.”

तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या छापील कागदावर त्याने सुवाच्य मराठीत एक पत्र लिहिले. सदर कुटुंब अनेक वर्षांपासून दर हिवाळ्यात या शिवारात येते, त्यांच्याजवळील तीन उंट सामान व लहान मुले वाहण्यासाठी आहेत, सोबतच्या गुजराती पत्राचा मराठी अनुवाद मागील बाजूस दिला आहे. खाली सही, तारीख, दुकानाचा शिक्का. मेंढ्यांचा त्यात उल्लेख नव्हता. त्याविषयी काकाजींनी विचारले तेव्हा तो म्हणाला, “मेंढ्यांबद्दल मला जे ठाऊक आहे ते मी कागदावर लिहू शकत नाही. उंटांबद्दल जे ठाऊक आहे ते लिहिले.”

माघ संपताना डेरा उठला. पऱ्हाटी सरली होती, उन्हाला धार येऊ लागली होती, आता पाण्याच्या आणि डोंगराच्या बाजूने सरकायचे. पहाटे नेहमीप्रमाणे पुरुष कळप घेऊन पुढे गेले. म्हाताऱ्या बाईने उंट बसवला, गोधड्या टाकल्या, पोती लावली, खाट उलटी करून बांधली. चार पायांच्या मध्ये नातू आणि दोन कोकरे बसवली. प्लॅस्टिकची पिशवी तिने या खेपेस खाटेच्या पायाला बांधली नाही. नातवाच्या मांडीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवायला सांगितले. धाकट्या भावाच्या वावरापाशी आल्यावर उंटाची रांग धुऱ्याधुऱ्याने वळसा घालून गेली, दर वर्षी जाते तशी.